मलिक अंबर : पीक पाहून शेतसारा ठरवणारा वजीर

शेतसारा बसवायचा तर आधी दोन गोष्टी माहीत हव्यात. जमीन कोणाची आणि तिच्यात पिकते किती? सुमारे ४०० वर्षांपूर्वी अहमदनगरच्या निजामशाहीत या दोन प्रश्नांवर महसूल उभा करणारा माणूस म्हणजे मलिक अंबर. गनिमी कावा आणि औरंगाबादची नहर यांसाठी तो आपल्याला माहीत असतो, त्याची शेतसारा पद्धत मात्र मागे राहून गेली.

त्याचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान स्वतःही हबशी होता. त्याच्या पदरी अंबरला राज्यकारभार जवळून पाहता आला. मालकाच्या मृत्यूनंतर तो मोकळा झाला आणि काही काळ विजापूरकरांकडे चाकरी करून परत नगरला आला. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा त्याने दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून राज्य तगवले.

सततच्या लढाईला पैसा लागतो आणि तो शेवटी शेतातूनच येतो. तोवर अनेक ठिकाणी इजारा चाले. म्हणजे गावाचा किंवा परगण्याचा महसूल ठेक्याने दिला जाई. ठेकेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून जमेल तेवढे काढी. पाऊस झाला काय, न झाला काय, त्याला आपली रक्कम वसूल करायची असे. अंबरने हा इजारा बंद केला. वसुली गावच्या पाटलामार्फत ठेवली आणि वर सरकारी देखरेख बसवली.

सारा ठरवताना जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष पीक पाहिले जाई. सुरुवातीला सरकारचा वाटा धान्यात घेतला जाई, तो पिकाच्या दोन पंचमांश असल्याचे सांगतात. काही हंगामांचा अनुभव घेतल्यावर त्याची रोख रक्कम ठरवली गेली. ती पिकाच्या साधारण एक तृतीयांशाइतकीच भरे, अशी परंपरागत माहिती आहे. त्यातही त्या वर्षी किती जमीन लागवडीखाली आहे, हे पाहून दरसालचा आकडा ठरे. पडीक रानाचा बोजा कष्टकऱ्यावर पडू नये, यासाठी हे महत्त्वाचे होते.

दुसरी गोष्ट हक्काची. कसणाऱ्याची जमीन मिरास म्हणून मानली गेली. मिरासदाराची जमीन वारसांकडे जाई आणि विकताही येई. उपरी कुळाला हा आधार नसे. ज्याला जमीन उद्याही आपलीच राहणार याची खात्री आहे, तोच विहीर खोदतो आणि बांध घालतो. हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको!

१६१० मध्ये अंबरने खडकी शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने तलावाचे पाणी सोडून मोगल आणि विजापूरकरांच्या छावणीची दैना केली. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. चारच वर्षांत १६३० चा भीषण दुष्काळ पडला आणि काही वर्षांत निजामशाहीही संपली.

तरी ‘मलिकंबरी’ हा शब्द उरला. पुढे मराठ्यांच्या राज्यात जुन्या साऱ्याचा आधार म्हणून त्याचा उल्लेख होत राहिला. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत उजाड गावे पुन्हा वसवतानाही हीच पद्धत समोर ठेवली गेली, असे मानतात.

आजच्या सातबाऱ्यावरील आकारणी मात्र थेट त्याच्याकडून आलेली नाही. तिचे मूळ इंग्रजी मोजणीत आहे, जी इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये लागू झाली. तिच्यात जमिनीची प्रत पाहून रोख सारा ३० वर्षांसाठी कायम केला जाई, त्या सालच्या पिकाचा विचार त्यात नव्हता. पीक पाहण्याचे ते काम आता पैसेवारीत होते, पण तिचा उपयोग सारा बसवण्याऐवजी दुष्काळी सवलती ठरवण्यासाठी केला जातो.