नगरपालिकेतील जोतीराव

घरातला नळ, दारापुढचा रस्ता, कोपऱ्यावरचा दिवा आणि रोज उचलला जाणारा कचरा या गोष्टी आपण अगदी गृहीत धरतो. त्यांच्यामागे कोणाचा तरी निर्णय आणि कोणाचा तरी पैसा असतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पुणे असो, नागपूर असो की दूरच्या लखनौमधील निशातगंज असो, नागरिकांच्या करातून जमलेला पैसा कोठे खर्च करायचा, हे ठरवणारी एक सभा प्रत्येक शहरात असते. त्या सभेत बसणाऱ्या माणसाने कोणाच्या गरजेचा आधी विचार करावा? सुमारे दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या नगरपालिकेत बसलेल्या एका सभासदाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या वागण्यातून दिले. ते सभासद म्हणजे महात्मा जोतीराव फुले. स्त्रियांच्या व शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचे प्रवर्तक म्हणून ते आपल्याला परिचित आहेत. या पाठात आपण त्यांच्या जीवनातील एका कमी परिचित भागाची ओळख करून घेणार आहोत.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे आणि आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे लोक या घराण्याला फुले म्हणून ओळखू लागले. जोतीराव लहान असतानाच त्यांच्या आईचे, चिमणाबाईंचे निधन झाले. वडील गोविंदराव यांनी त्यांचा सांभाळ केला. शिक्षणात मध्यंतरी खंड पडला. परंतु पुढे त्यांना स्कॉटिश मिशनच्या शाळेत प्रवेश मिळाला आणि तेथे त्यांचे इंग्रजी शिक्षण पूर्ण झाले. सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेणे म्हणजे काय असते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते.

इ. स. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींसाठी शाळा काढली. पत्नी सावित्रीबाई यांना त्यांनी शिकवले आणि सावित्रीबाई या शाळेत शिक्षिका झाल्या. या कार्यामुळे दोघांनाही वडिलांचे घर सोडावे लागले. लोकनिंदा झाली, अपमान सोसावे लागले. तरीही त्यांचे पाऊल मागे पडले नाही. पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलामुलींसाठीही त्यांनी शाळा सुरू केल्या.

समाजकार्य करणाऱ्यालाही पोटासाठी उद्योग करावाच लागतो. जोतीरावांनी शेती केली, भाजीपाल्याचा व्यापार केला आणि बांधकामाची कंत्राटेही घेतली. पुण्याला पाणी पुरवण्यासाठी आणि आसपासच्या शेतीला कालव्याचे पाणी देण्यासाठी खडकवासला येथे धरण बांधले जात होते. त्या कामाला लागणारा दगड पुरवण्याचे काम त्यांनी केले. दगड, चुना आणि विटा यांचा भाव काय, मजुराच्या हाती प्रत्यक्षात किती पैसे पडतात, कागदावरील हिशेब आणि जागेवरील काम यांत अंतर कसे पडते, हे सारे त्यांनी जवळून पाहिले. सार्वजनिक कामांवर खर्च होणाऱ्या पैशाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी या अनुभवातून घडली. नगरपालिकेच्या सभेत खर्चाचा ठराव समोर येई, तेव्हा त्यातील रकमेमागे कोणाचे श्रम आहेत, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नसे.

पाण्याविषयीची त्यांची भूमिका तर नगरपालिकेत जाण्यापूर्वीच स्पष्ट झाली होती. पेशव्यांच्या काळापासून पुण्यात कात्रजच्या तलावाचे पाणी नळांवाटे येई आणि ठिकठिकाणच्या हौदांत साठवले जाई. लोक या हौदांवर पाणी भरत. परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसांना हौदाला हात लावण्याची मुभा नव्हती. कोणी दया येऊन वरून पाणी घालील, तर त्यांची घागर भरे. उन्हाळ्यात पाण्यासाठी त्यांना फार कष्ट सोसावे लागत. इ. स. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घराजवळचा हौद या लोकांसाठी खुला केला. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. स्वतःच्या जातीचे लोकही त्यांच्यावर नाराज झाले. पण पाणी ही सर्वांची गरज आहे आणि ते मागण्यासाठी कोणाला हात जोडावे लागू नयेत, अशी त्यांची धारणा होती. जो नियम त्यांनी स्वतःच्या हौदाला लावला, तोच पुढे शहराच्या कारभारालाही लावला.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी, इ. स. १८७६ मध्ये, पुणे नगरपालिकेचे सभासद म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८८२ पर्यंत ते या पदावर होते.

त्या वेळची नगरपालिका आजच्यासारखी लोकांनी निवडलेली नव्हती, हे येथे लक्षात घ्यायला हवे. सभासदांची नेमणूक सरकार करीत असे आणि कारभारावर सरकारी अधिकाऱ्यांचे वर्चस्व असे. शहरात येणाऱ्या मालावरील जकात आणि इतर कर यांतून उत्पन्न मिळे. त्या पैशातून रस्ते, दिवाबत्ती, झाडलोट, पाणी आणि आरोग्य यांची व्यवस्था पाहिली जाई. सरदार, सावकार, व्यापारी, वकील, निवृत्त अधिकारी अशा प्रतिष्ठित मंडळींना सभासदत्वाचा मान मिळत असे. सरकारने दिलेला हा मान सांभाळायचा, तर सरकारच्या इच्छेविरुद्ध बोलायचे नाही, अशीच बहुतेकांची वृत्ती असे. जोतीरावांनी मात्र सभासदत्वाकडे मान म्हणून पाहिले नाही. आपण येथे गरीब करदात्यांच्या वतीने बसलो आहोत, असे ते मानत.

त्यांची नेमणूक झाली तो काळ मोठा कठीण होता. १८७६-७७ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पाऊस नाही, पीक नाही, जनावरे तडफडून मरत होती. खेड्यांतील माणसे अन्नाच्या शोधात शहराकडे येऊ लागली. जोतीरावांनी आणि सत्यशोधक समाजातील त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळ धनकवडी येथे निराधार मुलांसाठी अन्नछत्र चालवले. सावित्रीबाईही या कामात होत्या. एका बाजूला भुकेली मुले आणि दुसऱ्या बाजूला नगरपालिकेच्या सभेतील खर्चाचे आकडे, असे दोन्ही चित्र जोतीरावांच्या डोळ्यांसमोर होते.

याच काळात लॉर्ड लिटन हे भारताचे व्हाइसरॉय होते. देशी भाषांतील वृत्तपत्रांवर बंधने घालणारा कायदा त्यांनी १८७८ मध्ये केला होता. हे व्हाइसरॉय पुण्यास येणार, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव सभेपुढे आला. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या स्वागताला नाही म्हणण्याचे धैर्य कोणापाशी असणार? जोतीरावांनी ते दाखवले. हा पैसा लोकांच्या करातून आला आहे, तो स्वागतसमारंभात उधळण्यापेक्षा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावा, असे मत त्यांनी मांडले. प्रस्ताव मताला टाकला गेला. बत्तीस सभासदांच्या त्या सभेत विरोधी मत एकच पडले. ते जोतीरावांचे होते.

ठराव अर्थातच संमत झाला. मग त्या एका मताचा उपयोग काय झाला? नगरपालिकेच्या सभेत प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू असू शकतात, ही गोष्ट त्या मतामुळे नोंदवली गेली. सरकारने नेमलेला सभासदही लोकांच्या बाजूने उभा राहू शकतो, हे त्यामुळे सर्वांना दिसले. सारे हात वर होत असताना आपला हात खाली ठेवणे, हेही सभासदाचे एक कर्तव्यच असते.

१८८० मध्ये जोतीरावांनी दारूच्या दुकानांचा प्रश्न हाती घेतला. पूर्वी पुण्यात दारूची दुकाने फारशी नव्हती. पुढे सरकारी परवाने मिळू लागले आणि वस्त्यांमध्ये दुकाने वाढत गेली. कष्टकऱ्यांची मजुरी घरी पोहोचण्याऐवजी गुत्त्यावर जाऊ लागली. याविषयी जोतीरावांनी नगरपालिकेच्या कार्यकारी समितीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यांचा युक्तिवाद अगदी व्यवहारी होता. नागरिकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका एका हाताने पैसा खर्च करते. ते आरोग्य बिघडवणारी दुकाने मात्र शहरात वाढू दिली जातात. परवान्याचे उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जाते आणि परिणाम शहराला भोगावे लागतात. तेव्हा निदान या दुकानांवर नगरपालिकेने कर बसवावा, असे त्यांनी सुचवले. दारूचा प्रश्न केवळ नीतीचा मानण्यावर ते थांबले नाहीत. शहराच्या आरोग्याशी आणि हिशेबाशी त्याचा कसा संबंध आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

तिसरा प्रसंग मंडईचा. त्या काळी भाजी विकणारे शनिवारवाड्यासमोरील मोकळ्या जागेत बसत. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत मंडईची भव्य इमारत बांधण्याचे ठरवले. त्यासाठी लाखो रुपये लागणार होते. जोतीराव आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी या खर्चाला विरोध केला. शहरात असंख्य मुले शाळेवाचून राहत असताना इमारतीवर एवढा पैसा घालणे त्यांना पटले नाही. इमारत मोठी झाली की तिचा खर्चही मोठा होतो. आणि तो भरून काढण्यासाठी घेतले जाणारे भाडे शेवटी टोपली घेऊन बसणाऱ्या बाईच्या व तिच्या गिऱ्हाइकाच्या खिशातूनच जाते. बहुमत मात्र बांधकामाच्या बाजूने होते. १८८६ मध्ये मंडई सुरू झाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट असे नाव देण्यात आले.

मंडईची ही इमारत पुणेकरांच्या पुढे फार उपयोगी पडली, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ऊनपावसापासून विक्रेत्यांना निवारा मिळाला आणि शहराला एक हक्काची बाजारपेठ मिळाली. म्हणून जोतीरावांचा विरोध चुकीचा होता, असे म्हणावे काय? इमारत नकोच, असा त्यांचा आग्रह नव्हता. हाती पैसा मोजका असताना आधी काय करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. आणि त्यांच्या हिशेबात शाळा आधी येत होती.

शहर आणि खेडे यांचा संबंधही त्यांनी नेमका ओळखला होता. १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी भाजीपाल्याची गाडी घेऊन पुण्यात येणाऱ्या शेतकऱ्याची स्थिती वर्णन केली आहे. नगरपालिकेची जकात, दलालाचा हिस्सा आणि इतर देणी चुकवल्यावर त्याच्या हाती जवळजवळ काहीच उरत नसे. शहराचे रस्ते आणि दिवे ज्यांच्या जकातीवर चालत, तो शेतकरी त्या शहराचा नागरिकही नव्हता. त्याची बाजू मांडणारे सभेत कोणी नसे. जोतीराव स्वतः शेती करीत असल्यामुळे हा अन्याय त्यांना दिसत होता.

१८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी आयोगापुढे सविस्तर निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. शहरातील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी उचलावा, असेही त्यांनी सांगितले. मात्र शाळांचा सारा कारभार नगरपालिकांच्या हाती सोपवू नये, त्यावर शिक्षण खात्याची देखरेख असावी, असा इशारा द्यायला ते विसरले नाहीत. सहा वर्षे नगरपालिकेत काढलेल्या माणसाचा हा सल्ला होता. सभेत ज्यांचे कोणी नाही, त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, हे त्यांनी पाहिले होते.

त्याच वर्षी लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्य संस्थांविषयीचा प्रसिद्ध ठराव केला. त्यानंतर नगरपालिकांत निवडून आलेले सभासद बसू लागले. सुरुवातीला मतदानाचा हक्क मोजक्या लोकांनाच होता. प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मिळण्यासाठी स्वातंत्र्यानंतरच्या राज्यघटनेची वाट पाहावी लागली. १९९२ मध्ये संसदेने संमत केलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना राज्यघटनेत स्थान दिले आणि स्त्रिया, अनुसूचित जाती व जमाती यांच्यासाठी राखीव जागांची तरतूद केली. ज्यांची बाजू मांडण्यासाठी जोतीराव एकटे उभे राहिले, त्यांना स्वतःच सभेत बसण्याचा अधिकार मिळाला.

११ मे १८८८ रोजी मुंबईतील लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, तरी डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ असताना रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंनीही देह ठेवला.

काळाची गती मोठी विलक्षण असते. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, त्या रे मार्केटचे नाव पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने बदलण्यात आले आणि ते महात्मा फुले मंडई असे झाले. आज मंडईत येणाऱ्या शेकडो लोकांच्या तोंडी त्यांचे नाव असते. या नावाचा खरा मान राखायचा असेल, तर आपल्या गावाच्या किंवा शहराच्या कारभाराविषयी आपणही तोच प्रश्न विचारायला हवा. आपल्या करातून जमलेला पैसा कोठे जातो? ज्याच्या घरी अजून पाणी पोहोचलेले नाही, ज्याचे मूल अजून शाळेत गेलेले नाही, त्याचा क्रम त्या खर्चात कितवा लागतो? हा प्रश्न विचारण्यासाठी सभासद असावे लागत नाही. सजग नागरिक असणे पुरेसे आहे.