शिक्का खरा, पत्र खोटे : ख्वाजा महमूद गावान

आमच्या वर्गात बहमनी राज्याचा धडा आला की मुले महमूद गावान हे नाव पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. दोष मुलांचा नाही. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला चार-पाच ओळीच येतात. पण दोन देशांचे संबंध कसे जोडले जातात, व्यापार त्यात काय काम करतो आणि अडचणीच्या वेळी शेजाऱ्याची मदत कशी मिळवावी, हे समजायचे असेल तर या माणसाची जिंदगी नीट वाचली पाहिजे. म्हणून आज ती आम्ही आपल्यासमोर ठेवत आहोत.

ख्वाजा महमूद यांचा जन्म १४११ च्या सुमारास इराणच्या गीलान प्रांतात झाला. घराणे वजिरांचे, पण दरबारातल्या कारस्थानांना कंटाळून त्यांनी वतन सोडले आणि तिजारत धरली. बरीच वर्षे ते देशोदेशी फिरले. १४५३ मध्ये जहाजाने ते आपल्या कोकणात, दाभोळ बंदरावर उतरले. वय चाळिशीच्या पुढे गेलेले. व्यापार करायचा, बिदरच्या आलिमांची भेट घ्यायची आणि पुढे निघायचे, असा बेत होता. पण सुलतान अलाउद्दीन अहमदशहा यांनी त्यांची हुशारी ओळखली आणि दरबारात ठेवून घेतले. आलेला पाहुणा मग इथलाच झाला. पुढे हुमायूनशहाच्या काळात त्यांना मलिकुत्तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार, हा किताब मिळाला.

खरी कसोटी १४६१ नंतर लागली. हुमायूनशहा वारला आणि गादीवर अवघ्या आठ वर्षांचा निजामशहा आला. कारभार बादशहाची आई, ख्वाजा जहाँ तुर्क आणि महमूद गावान अशा तिघांच्या हाती होता. राज्य कमजोर झालेले पाहून माळव्याचा महमूद खलजी फौज घेऊन थेट बिदरवर चालून आला. बहमनी फौज हरली, राजधानीला वेढा पडला, बाल बादशहाला घेऊन राजमातेला फिरोजाबादेस जावे लागले. सगळे संपले असे वाटत असताना गावान यांनी गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याच्याकडे मदत मागितली. माळवा जास्त बलवान झाला तर उद्या गुजरातलाही धोका, हे दोघांनाही कळत होते. गुजरातची फौज आली आणि माळव्याला माघार घ्यावी लागली. पुढच्या वर्षी खलजी पुन्हा आला, गुजरात पुन्हा हलला आणि खलजी पुन्हा परतला. मदत मागायला कमीपणा वाटून घेतला असता, तर बिदर वाचले नसते.

१४६३ मध्ये तिसरा मुहम्मदशहा गादीवर आला आणि पुढे गावान मुख्य वजीर झाले. मूळचा व्यापारी असल्यामुळे राज्याची ताकद कुठून येते हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या काळी लढाईचा सगळा भर घोड्यांवर. दख्खनमध्ये चांगले घोडे पैदा होत नसत. अरबस्तान आणि इराणकडून ते होर्मुझमार्गे जहाजाने चौल, दाभोळ, गोवा या बंदरांवर येत. म्हणजे बंदर ज्याच्या हाती, घोडे त्याच्या हाती. त्यात किनाऱ्यावर व्यापाऱ्यांची आणि हाजींची जहाजे लुटली जात होती. म्हणून १४६९ ते १४७२ या काळात गावान यांनी कोकणची मोहीम हाती घेतली. संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, त्यांनी मिळवला. तोही नुसत्या तलवारीने नाही. वाटाघाटी आणि पैसाही कामी आला. १४७२ मध्ये विजयनगरच्या ताब्यातले गोवा त्यांनी घेतले. विजयनगरलाही घोडे याच वाटेने मिळत, त्यामुळे एका बंदराने दोन राज्यांचे पारडे बदलले.

पण त्यांचा मोठा भर तलवारीपेक्षा कलमावर होता. उस्मानी सुलतान दुसरा मुहम्मद, ज्याने १४५३ मध्ये, म्हणजे गावान दाभोळला उतरले त्याच साली, कुस्तुनतुनिया जिंकले, त्याच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. गीलान, इराक, मिस्र इथल्या राज्यकर्त्यांना आणि विद्वानांना त्यांची पत्रे जात. शायर जामी यांनाही त्यांनी बिदरला यायचे निमंत्रण दिले होते. ही फारसी पत्रे ‘रियाजुल इन्शा’ या संग्रहात आजही आहेत. पत्रांच्या मागोमाग माल जाई. गावान यांचे व्यापारी प्रतिनिधी हिंदुस्थानी कापड घेऊन उस्मानी राज्यातल्या बुर्सा शहरापर्यंत पोहोचत. वकील, पत्र आणि कापडाचे गठ्ठे एकाच वाटेने जात होते म्हणा ना!

१४७२ मध्ये त्यांनी बिदरला मदरसा बांधला. तीन मजली इमारत, दर्शनी भागावर रंगीत फरशा, घडण अगदी इराणी. हजारो ग्रंथ तिथे असल्याचे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूगोळ्याच्या स्फोटात तिचा मोठा भाग कोसळला, तरी उरलेला पाहूनही मान वर करावी लागते. स्वतः मात्र ते साधे राहत. जुन्या तवारिखांत लिहिले आहे की घरखर्च ते तिजारतीच्या नफ्यातून भागवत आणि जहागिरीचे उत्पन्न फौजेवर आणि गरिबांवर खर्च करत.

मग असे काय बिघडले? दरबारात दख्खनी आणि आफाकी, म्हणजे इथले जुने आणि बाहेरून आलेले, असे दोन गट एकमेकांच्या जिवावर उठले होते. गावान स्वतः आफाकी, तरी दोघांनाही मानाच्या जागा देऊन ते तोल सांभाळत. पण त्यांनी चार सुभ्यांचे आठ केले, प्रत्येक सुभेदाराकडे एकच किल्ला ठेवला आणि जमिनीची मोजणी सुरू केली. बड्यांच्या हातातली सत्ता आणि कमाई गेली. इथेच दुश्मनी पेटली.

विरोधकांनी गावान यांचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर मजकूर लिहिला की ओरिसाच्या राजाने बहमनी राज्यावर चालून यावे. तो कागद त्यांनी नशेत असलेल्या सुलतानाच्या हाती दिला. गावान यांना बोलावणे आले तेव्हा हितचिंतकांनी गुजरातला निघून जाण्याचा सल्ला दिला, पण गुन्हाच केला नाही तर पळायचे कशाला, म्हणून ते गेले. शिक्का माझा आहे, पत्र माझे नाही, एवढेच त्यांनी सांगितले. चौकशी झालीच नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत सत्तरीच्या या वजिराचे शीर उडवले गेले. ज्याच्या पत्रांनी देश जोडले, त्याचा जीव एका खोट्या पत्राने घेतला.

सत्य कळल्यावर सुलतान पस्तावला, पण काय उपयोग? वर्षाच्या आत, मार्च १४८२ मध्ये, तोही गेला. पुढच्या काही दशकांत राज्याचे पाच तुकडे झाले. १५१० मध्ये गोव्याचे बंदर पोर्तुगीजांनी घेतले.

आज आमच्या प्रत्येकाच्या खिशात असा शिक्का मारलेला कागद रोज येऊन पडतो. ओळखीचे नाव पाहून आम्ही तो न तपासता पुढे पाठवतो. मुलांना हा धडा शिकवताना त्या रात्रीचा एक प्रश्न आम्ही जरूर विचारू या: सुलतानाने सकाळपर्यंत थांबून नुसती चौकशी केली असती तर?