शैलाश्रयांस पत्ता देणारे हरिभाऊ

उज्जयिनीचे कै. विष्णु श्रीधर ऊर्फ हरिभाऊ वाकणकर हे नाव माळव्यातील जुन्या मराठी घरांस नवे नाही. ४ मे १९१९ रोजी नीमच येथे जन्मलेले हरिभाऊ पिंडाने चित्रकार. पुरातत्त्वाच्या वाटेला लागल्यावरही त्यांच्या हातची पेन्सिल सुटली नाही, आणि तेच त्यांचे सामर्थ्य ठरले.

भीमबेटकाचा उल्लेख १८८८ साली किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने केला होता. परंतु ते बौद्ध स्थान असावे अशी त्याची समजूत. १९५७ साली भोपाळकडे जाताना आगगाडीतून दिसलेल्या खडकांनी हरिभाऊंचे लक्ष वेधले. ते पायी तेथे पोहोचले, आणि आदिमानवाची चित्रशाळा जगापुढे आली.

पण शोध लावणे निराळे व शोधलेले नीट मांडून ठेवणे निराळे. सात टेकड्या, त्यांवर सातशेहून अधिक शैलाश्रय, भोवती दाट रान! आज पाहिलेली गुहा उद्या सापडेलच असे नाही. म्हणून टेकडीस आकडा, समूहास अक्षर आणि आश्रयास क्रमांक अशी पद्धत त्यांनी घातली. तीन एफ चोवीस म्हटले की अभ्यासक नेमका त्याच खडकाखाली येऊन उभा राहतो. तेथे स्वतः हरिभाऊंनी, तर शेजारच्या तेविसात वीरेंद्रनाथ मिश्रांनी उत्खनन केले.

मी संगीतशिक्षक, वडील होळकर दरबारचे गवई. त्या पिढीच्या किती चिजा केवळ लिहून न ठेवल्यामुळे गवयांबरोबरच गेल्या, हे मी जाणतो. म्हणून हरिभाऊंच्या या क्रमांकांचे मोल मला स्वरलिपीइतके वाटते. ऊन, पाऊस आणि माणसाचा हात यांनी चित्र पुसट होत जाते. त्याची जागा व नक्कल नोंदलेली असेल तरच काय गेले हे कळते.

आज उपग्रह आणि संगणक यांच्या साह्याने प्राचीन स्थळांचे नकाशे होतात, खडकाचा उंचसखलपणाही टिपला जातो. यंत्र जागा अचूक सांगेल. पण तेथे काय पाहायचे, हे आधी कोणीतरी रान तुडवून ठरविलेले असावे लागते.

१९७५ साली हरिभाऊंस पद्मश्री मिळाली. १९८८ च्या एप्रिलमध्ये सिंगापूर येथे ते निवर्तले. २००३ साली युनेस्कोने भीमबेटकास जागतिक वारशाचा मान दिला, तो पाहावयास ते नव्हते. त्यांनी लावून दिलेले क्रमांक मात्र अभ्यासकांच्या लेखनात अजून चालत आहेत.