रहीमसाहेब

पावससारख्या कोकणातील गावी भातकापणी झाली, की मोकळ्या शेतांत मुले अनवाणी चेंडू खेळू लागतात. एके काळी भारताच्या राष्ट्रीय संघातील कित्येक फुटबॉलपटूही असेच अनवाणी खेळत. त्या संघाला आशियात अग्रस्थानी नेणारे गुरू म्हणजे सय्यद अब्दुल रहीम होत.

रहीमसाहेबांचा जन्म १९०९ साली हैदराबाद येथे झाला. ते पेशाने शिक्षक होते. पुढे हैदराबाद सिटी पोलीस संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि १९५० ते १९५४ या काळात त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक सलग ५ वेळा जिंकला.

भारतीय संघाची धुराही त्यांनीच वाहिली. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा दारुण पराभव केला. रहीमसाहेब खचले नाहीत. चेंडू स्वतःपाशी न रेंगाळवता तो झटपट सोबत्याकडे द्यावा, ज्या पायात जोर कमी त्या पायानेही तो मारता यावा, असा सराव त्यांनी खेळाडूंकडून कसोशीने करून घेतला. त्याचे फळ १९५६ साली मेलबर्नला दिसले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाच्या ३ गोलांमुळे भारताने ऑस्ट्रेलियास ४-२ असे नमवले आणि ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले.

१९६२ साली संघ जकार्ताच्या आशियाई स्पर्धेस गेला, तेव्हा कर्करोगाने रहीमसाहेबांचे शरीर पोखरले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला हरवले. बचावपटू जर्नेलसिंग याच्या डोक्यास जखम झाली. तरीही रहीमसाहेबांनी त्याच्या धैर्याची पारख करून त्यालाच आघाडीवर खेळवले. अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाशीच गाठ पडली. प्रेक्षकांचा प्रचंड समुदाय भारताच्या विरोधात ओरडत होता. अशा स्थितीत प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले व भारत २-१ असा विजयी झाला.

त्यानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेबांचे निधन झाले. पुढील साठ वर्षांत भारताला आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक पुन्हा लाभले नाही. मैदानावर धावतात ते खेळाडू. परंतु अकरा जणांना एक मनाने धावायला शिकवतो तो गुरू. रहीमसाहेब असे गुरू होते.