बेंजामिन फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिन (१७ जानेवारी, इ.स. १७०६ - १७ एप्रिल, इ.स. १७९०) हे अमेरिकन मुद्रक, लेखक, वैज्ञानिक, मुत्सद्दी आणि अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक होते. विजेवरील प्रयोग, विद्युत्‌वाहक सळई आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील स्वाक्षरी यांमुळे ते जगभर ओळखले जातात. परंतु त्यांच्या उपजीविकेचा पाया मुद्रणव्यवसायात होता आणि त्या व्यवसायातील महत्त्वाचा भाग कागदी चलनाच्या छपाईचा होता. पेन्सिल्वेनिया, न्यू जर्सी व डेलावेअर या ब्रिटिश वसाहतींसाठी त्यांनी नोटा छापल्या. बनावट नोटांना आळा घालण्यासाठी झाडाच्या पानाचा हुबेहूब ठसा नोटेवर उमटवण्याची रीत त्यांनी प्रचारात आणली. त्यांच्या छापखान्यातील नोटा, तसेच त्या काळी तयार झालेल्या त्यांच्या नकला, आज नाणकशास्त्राच्या अभ्यासकांना व संग्राहकांना सारख्याच मोलाच्या वाटतात.

बालपण आणि उमेदवारी

फ्रँकलिन यांचा जन्म मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील बॉस्टन येथे झाला. वडील जोसाया हे मेणबत्त्या व साबण तयार करीत. आईचे नाव अबाया फॉल्जर. जोसाया यांच्या सतरा अपत्यांपैकी बेंजामिन हे पंधरावे. घरची परिस्थिती बेताची असल्याने वयाच्या दहाव्या वर्षीच त्यांचे शालेय शिक्षण थांबले. काही काळ वडिलांच्या हाताखाली काम केल्यावर, वयाच्या बाराव्या वर्षी ते थोरले बंधू जेम्स यांच्या छापखान्यात उमेदवार म्हणून दाखल झाले. खिळे जुळवणे, शाई लावणे, यंत्र चालवणे ही कामे ते तेथेच शिकले.

जेम्स यांनी १७२१ मध्ये न्यू इंग्लंड कूरंट हे वृत्तपत्र सुरू केले. धाकट्या भावाचे लेखन ते छापणार नाहीत हे ओळखून बेंजामिन यांनी १७२२ मध्ये सायलेन्स डूगुड या कल्पित विधवेच्या नावाने चौदा पत्रे लिहिली आणि ती छापून आली. पुढे दोघा भावांत बेबनाव झाला. १७२३ मध्ये उमेदवारीचा करार मोडून बेंजामिन फिलाडेल्फियाला निघून गेले. तेथे त्यांना सॅम्युअल कायमर या मुद्रकाकडे काम मिळाले. गव्हर्नर विल्यम कीथ यांच्या आश्वासनावर विसंबून ते १७२४ मध्ये छपाईचे साहित्य आणण्यासाठी लंडनला गेले. मात्र कबूल केलेली शिफारसपत्रे मिळालीच नाहीत. लंडनच्या छापखान्यांत पगारी काम करून ते १७२६ मध्ये परतले.

वसाहतींतील चलनाचा प्रश्न

अमेरिकेतील वसाहतींमध्ये सोन्याचांदीच्या नाण्यांची कायम टंचाई असे. ब्रिटनमधून येणाऱ्या मालाच्या बदल्यात नाणी परदेशी जात. म्हणून मॅसॅच्युसेट्सने १६९० मध्ये कागदी नोटा काढल्या आणि हळूहळू इतर वसाहतींनीही तोच मार्ग धरला. पेन्सिल्वेनियाने १७२३ मध्ये कर्जकचेरी स्थापन केली. जमीन गहाण ठेवणाऱ्यास ही कचेरी पाच टक्के व्याजाने नोटांच्या रूपात कर्ज देत असे. कर्ज फिटेल तसतशा नोटा परत येत. अशा रीतीने नोटेच्या पाठीशी सोन्याऐवजी जमीन उभी होती.

१७२८ मध्ये कायमर यांना न्यू जर्सीच्या नोटा छापण्याचे काम मिळाले. त्यासाठी फ्रँकलिन यांनी तांब्याच्या पत्र्यावरून छपाई करणारे यंत्र तयार केले आणि नोटांवरील नक्षी व खुणा स्वतः कोरल्या. बर्लिंग्टन येथे सुमारे तीन महिने हे काम चालले. कायद्याने ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा अधिक नोटा छापल्या जाऊ नयेत म्हणून विधिमंडळाचे सदस्य आळीपाळीने छपाईच्या जागी हजर राहत. त्यांच्याशी झालेली ओळख पुढे फ्रँकलिन यांच्या फार उपयोगी पडली.

त्याच वर्षी फ्रँकलिन यांनी ह्यू मेरेडिथ यांच्या भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला. एप्रिल १७२९ मध्ये कागदी चलनाचे स्वरूप व आवश्यकता यांविषयीची त्यांची पुस्तिका लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाली. चलन अपुरे असले की व्याज चढते, व्यापार मंदावतो आणि कारागीर वसाहत सोडून जातात; जमिनीच्या तारणावर काढलेल्या नोटा मर्यादेत ठेवल्या तर त्यांची किंमत टिकते, असे प्रतिपादन तिच्यात होते. धनिक वर्गाचा विरोध असूनही त्या वर्षी ३०,००० पौंडांच्या नव्या नोटांना मंजुरी मिळाली. १७३१ पासून पेन्सिल्वेनियाच्या नोटा फ्रँकलिन यांच्या छापखान्यात छापल्या जाऊ लागल्या. ज्या धोरणाचा त्यांनी पुरस्कार केला, त्यातूनच त्यांना किफायतशीर काम मिळाले. ही गोष्ट त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लपवून ठेवली नाही.

बनावट नोटा आणि पानाचा ठसा

कागदी चलनाचा मोठा शत्रू म्हणजे नक्कल. खिळ्यांनी जुळवलेला मजकूर आणि लाकडी ठशांची नक्षी यांची नक्कल करणे कुशल कोरणाऱ्यास फारसे अवघड नव्हते. ओवेन सुलिव्हन याने तर टोळी जमवून अनेक वसाहतींच्या खोट्या नोटा खपवल्या. त्याला १७५६ मध्ये न्यूयॉर्क येथे फाशी देण्यात आले. पेन्सिल्वेनियात सुरुवातीला कान कापणे, फटके व दंड अशा शिक्षा होत्या. पुढे नक्कल करणाऱ्यास मृत्युदंड मिळेल अशी ताकीद नोटांवरच छापली जाऊ लागली. खोटी नोट हाती आलेल्या शेतकऱ्याचे किंवा दुकानदाराचे नुकसान मात्र शिक्षेने भरून निघत नसे.

फ्रँकलिन यांनी शिक्षेपेक्षा छपाईच्या तंत्रावर भर दिला. त्यांचे मित्र जोसेफ ब्राइंटनल हे वनस्पतींच्या पानांचे ठसे घेत असत. हीच कल्पना फ्रँकलिन यांनी १७३७ च्या सुमारास नोटांसाठी वापरली. ओल्या कापडावर ठेवलेले पान प्लास्टरमध्ये दाबून साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेला धातू ओतून छपाईचा ठोकळा तयार करायचा, अशी ही रीत असावी असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पानाच्या शिरा कोठे जाड, कोठे बारीक असतात आणि कोणतीही दोन पाने तंतोतंत सारखी नसतात. त्यामुळे हाताने कोरलेली नक्कल खऱ्या ठशाशेजारी ठेवताच उघडी पडे. फ्रँकलिन यांनी ही रीत कधीही प्रसिद्ध केली नाही.

वेगवेगळ्या दर्शनी मूल्यांच्या नोटांवर पेन्सिल्वेनिया या नावाची अक्षरे वेगवेगळ्या प्रकारे जुळवलेली आढळतात. लहान नोटेवरील आकडा खोडून ती मोठ्या किमतीची भासवण्याचा प्रयत्न व्हायचा. तो ओळखता यावा म्हणून हा फरक मुद्दाम ठेवला असावा, असे अनेक नाणकशास्त्रज्ञांचे मत आहे. कागदाच्या लगद्यात अभ्रकाचे चकचकीत कण व निळे धागे मिसळण्यात येत. इ.स. २०२३ मध्ये नोत्र दाम विद्यापीठातील संशोधकांनी तेथील संग्रहातील सुमारे ६०० नोटांची तपासणी केली. फ्रँकलिन यांच्या छापखान्यातील काळ्या शाईत ग्रॅफाइट असल्याचे, तर बनावट नोटांच्या शाईत व कागदात फरक असल्याचे तीत दिसून आले.

सार्वजनिक जीवन

फ्रँकलिन यांनी १७२९ मध्ये पेन्सिल्वेनिया गॅझेट हे वृत्तपत्र विकत घेतले. १७३२ पासून त्यांचे पुअर रिचर्ड हे पंचांग निघू लागले. १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारे ग्रंथालय आणि १७३६ मध्ये आग विझवणारे स्वयंसेवक पथक त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाले. १७३० मध्ये त्यांनी डेबोरा रीड यांच्याशी संसार थाटला. मुलगा फ्रान्सिस १७३६ मध्ये देवीच्या साथीत चार वर्षांचा असताना दगावला. १७४८ मध्ये डेव्हिड हॉल यांच्याशी भागीदारी करून फ्रँकलिन दैनंदिन व्यवसायातून निवृत्त झाले. नोटांवर मात्र १७६४ पर्यंत दोघांची नावे छापली जात होती. १७५२ च्या पतंगाच्या प्रयोगामुळे त्यांची कीर्ती युरोपभर पसरली.

१७५७ पासून, मधला अल्प काळ वगळता, ते वसाहतींचे प्रतिनिधी म्हणून लंडनमध्ये राहिले. १७६४ च्या कायद्याने ब्रिटिश संसदेने वसाहतींच्या नोटांना कायदेशीर चलनाचा दर्जा देण्यास मनाई केली. फ्रँकलिन यांनी या कायद्यास विरोध केला. मुद्रांक कराऐवजी सर्व वसाहतींसाठी व्याजी कर्जावर आधारलेले समान कागदी चलन काढावे, अशी योजना त्यांनी टॉमस पाउनल यांच्यासह मांडली. ती स्वीकारली गेली नाही. १७६६ मध्ये संसदेपुढे त्यांची साक्ष झाली आणि मुद्रांक कर रद्द झाला.

क्रांतिकाळातील चलन

मे १७७५ मध्ये फ्रँकलिन मायदेशी परतले, तेव्हा युद्ध सुरू झाले होते. कर बसवण्याचा अधिकार नसलेल्या काँटिनेंटल काँग्रेसने युद्धखर्चासाठी नोटा काढण्याचे ठरवले. छपाईचे काम हॉल अँड सेलर्स या फ्रँकलिन यांच्या जुन्या छापखान्याला मिळाले. चिन्हे व बोधवाक्ये निवडण्यात फ्रँकलिन यांचा मोठा वाटा होता. मोठे झाड कुरतडणारा बीव्हर, काटेरी झुडपाला हात घालून रक्तबंबाळ झालेला हात, ही चित्रे त्यांनी जुन्या प्रतीकसंग्रहातून घेतली. मागील बाजूस पानांचे ठसे होते. पहिल्या मालिकेतील २० डॉलरच्या नोटेसाठी एका कडेला रंगीत अबरीची नक्षी असलेला कागद वापरण्यात आला. १७७६ च्या लहान मूल्यांच्या नोटांवर सूर्यघड्याळ आणि एकमेकांत गुंफलेली तेरा कडी होती.

ब्रिटिशांनी या चलनावरच हल्ला चढवला. न्यूयॉर्क बंदरातील युद्धनौकेवर बनावट नोटा छापण्यात आल्या. १७७७ मध्ये तेथील वृत्तपत्रात, वसाहतींत प्रवास करणाऱ्यांना केवळ कागदाच्या किमतीत हव्या तेवढ्या बनावट नोटा मिळतील, अशी उघड जाहिरात प्रसिद्ध झाली. नक्कल इतकी वाढली की १७७७ व १७७८ मधील दोन संपूर्ण मालिका काँग्रेसला चलनातून मागे घ्याव्या लागल्या.

तथापि चलन कोसळण्याचे कारण केवळ बनावट नोटा हे नव्हते. काँग्रेसने एकूण २४ कोटी डॉलरहून अधिक नोटा काढल्या आणि त्यांच्या पाठीशी ना जमीन होती, ना कर. नव्या नोटा छापण्याऐवजी आधीच्याच नोटा व्याजाने उसन्या घ्याव्यात, हा फ्रँकलिन यांचा सल्ला वेळेवर मानला गेला नाही. १७८० मध्ये काँग्रेसने चाळीस कागदी डॉलरची किंमत एका चांदीच्या डॉलरइतकी ठरवली. नोटांची किंमत हळूहळू उतरणे हा एक प्रकारचा करच होता आणि त्यातून युद्धाचा खर्च भागला, असे समर्थन फ्रँकलिन यांनी पुढे केले. मात्र या कराचा भार वेतन म्हणून नोटा स्वीकारणाऱ्या सैनिकांवर आणि उधारी वसूल करणाऱ्या सावकारांवर अधिक पडला.

अखेरची वर्षे

१७७६ च्या अखेरीस फ्रँकलिन वकील म्हणून फ्रान्सला गेले. १७७८ चा फ्रान्सशी तह आणि १७८३ चा पॅरिसचा तह यांत त्यांची भूमिका मोलाची होती. पॅरिसजवळील पासी येथे त्यांनी स्वतःचा लहान छापखाना चालवला. फ्रेंच कर्जाच्या रोख्यांसाठीही त्यांनी अबरीच्या कडेचा कागद वापरला. १७८५ मध्ये ते परतले. १७८७ मध्ये त्यांनी ज्या राज्यघटनेवर स्वाक्षरी केली, तिने घटकराज्यांना कागदी चलन काढण्यास मनाई केली. ज्या व्यवस्थेच्या बळावर त्यांचा उत्कर्ष झाला, तिचा तो शेवट होता.

फ्रँकलिन यांच्या घरी अनेक वर्षे गुलाम होते आणि त्यांच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती येत. उत्तरायुष्यात त्यांचे मत बदलले. १७८७ मध्ये ते पेन्सिल्वेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १७९० मध्ये त्यांनी काँग्रेसकडे गुलामगिरीविरुद्ध अर्ज पाठवला. १७ एप्रिल १७९० रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले. बॉस्टन व फिलाडेल्फिया या शहरांतील तरुण कारागिरांना कर्ज मिळावे म्हणून त्यांनी मृत्युपत्राद्वारे प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. त्या मृत्युपत्रात त्यांनी स्वतःची ओळख सर्वप्रथम मुद्रक अशी दिली आहे.

संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्व

कर्जफेडीतून परत आलेल्या वसाहतकालीन नोटा अधिकाऱ्यांसमक्ष जाळल्या जात, त्यामुळे उरलेल्या नोटांची संख्या मर्यादित आहे. पुष्कळ नोटा वापराने दुमडून फाटलेल्या असून त्या सुईदोऱ्याने शिवलेल्या किंवा टाचणीने जोडलेल्या आढळतात. अनुक्रमांक आणि स्वाक्षऱ्या हाताने केलेल्या असत. मागे घेतलेल्या मालिकांपैकी एप्रिल १७७८ ची मालिका विशेष दुर्मीळ आहे. पडताळणीसाठी निळसर कागदावर छापलेले स्वाक्षरीविरहित नमुनेही संग्राह्य मानले जातात.

त्या काळातील बनावट नोटा हा संग्रहाचा स्वतंत्र विभाग आहे. खऱ्या नोटेचा मजकूर खिळ्यांनी छापलेला असे, तर अनेक नकला तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या असत. अक्षरांच्या कडा आणि पानाच्या शिरा भिंगाखाली पाहिल्यास हा फरक ध्यानात येतो. पकडलेल्या काही नोटांवर त्या बनावट असल्याचा शेरा लिहिलेला असतो. या जुन्या नकला आणि पर्यटकांसाठी चर्मपत्रासारख्या पिवळट कागदावर छापलेल्या आधुनिक प्रतिकृती यांत गल्लत होऊ न देणे नव्या संग्राहकास आवश्यक असते. या विषयाचा पाया एरिक न्यूमन यांच्या संशोधनाने घातला. अमेरिकेच्या आरंभीच्या कागदी चलनावरील त्यांचा ग्रंथ प्रथम १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला.

इ.स. १९१४ पासून अमेरिकेच्या १०० डॉलरच्या नोटेवर फ्रँकलिन यांचे चित्र आहे.