जखमींकडे गेलेले डॉक्टर

नांदेड-लातूर रस्त्यावर अपघात झाला की दवाखान्यात आधी हाताला सलाईन लागतं. टाकी रिकामी झाली की नळाचा दाब उतरतो ना, तसंच रक्त वाहून गेलं की ब्लड प्रेशर उतरतं. सलाईन ही तूट थोडा वेळ भरून काढतं, पण ऑक्सिजन वाहून नेतं ते रक्तच. म्हणून इथे वेळेला किंमत आहे.

कॅनडाच्या डॉ. बेथ्यून यांनी हे ओळखलं होतं. स्पेनच्या युद्धात त्यांनी रक्ताच्या बाटल्या गाडीतून आघाडीजवळ नेल्या. जखमींची वाट न बघता डॉक्टरनेच त्यांच्याकडे जायचं, ही त्यांची पद्धत. पुढे चीनमध्ये जखमींची सेवा करताना १९३९ साली ते वारले. त्यांचं काम पुढे नेणाऱ्यांत होते आपल्या शेजारच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस!

जन्म १० ऑक्टोबर १९१०. शिक्षण मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले, त्यांत ते होते. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे ते प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी फिट्सच्या आजाराने गेले, वय अवघं ३२. मुलगा काही महिन्यांचा होता. पाचांपैकी तेच एकटे परत आले नाहीत.

होस्टेलमध्ये रक्तदान शिबिराची नोटीस लागली की आपल्याला नेमकी सबमिशन्स आठवतात. पुढच्या वेळी कोटणीसांनाही आठवूया.