थॅडियस स्टीव्हन्स

अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानात १७९२ साली एका दरिद्री कुटुंबात यांचा जन्म झाला. पाय जन्मतः अधू. परंतु मातेने कष्ट करून त्यांस शिकविले. पेनसिल्व्हेनियात ते नामांकित वकील झाले, व १८३५ साली तेथील विधिमंडळात मोफत शाळांचा कायदा त्यांनी रद्द होऊ दिला नाही. यादवी युद्धात प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचे अध्यक्ष या नात्याने युद्धखर्चाची तरतूद करीत असतानाच गुलामांच्या मुक्तीचा त्यांनी अखंड आग्रह धरला. १८६३ साली शत्रुसैन्याने त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळला. तरी ते डगमगले नाहीत. १८६८ साली ते निवर्तले. वर्णभेद पाळणाऱ्या दफनभूमी नाकारून, सर्वांस खुल्या अशा दफनभूमीतच त्यांनी चिरविश्रांती घेतली. मरणातही समता पाळणाऱ्या या पुरुषाचे चरित्र ज्ञातिबांधवांनी आपल्या मुलांस अवश्य सांगावे, असे आम्हांस वाटते.